द्यूतलीळा आणि व्यसनचिकित्सा

लीळाचरित्राच्या एकांक भागातील द्यूताची लीळा आपल्या जिज्ञासू वाचकांस परिचित आहे. गुर्जर देशी भडोच येथील प्रधान विशाळदेव यांचे पुत्र हरिपाळदेव या नावाने सर्वज्ञ प्रभू त्या वेळी नांदत होते. राजकुमारास द्यूतक्रीडेची आवड, एके दिवशी हार, हरलेल्या द्रव्यासाठी जुगाऱ्यांचा तगादा, पत्नी कमळाइसा यांच्याकडे अलंकारांची मागणी, त्यांचा नकार, पित्याने ते ऋण फेडणे आणि त्यानंतर चित्तास आलेली उदासीनता असा हा प्रसंगक्रम आहे. पुढे रामटेकच्या यात्रेच्या निमित्ताने प्रभूंनी गृहत्याग केला व रुद्धपुरी श्रीगोविंदप्रभूंचे दर्शन घेतले. निरनिराळ्या पोथ्यांत तपशिलाचे पाठभेद आहेत. परंतु प्रस्तुत विवेचनासाठी एवढा सांगाडा पुरे आहे.

प्रारंभीच एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. परमेश्वरास व्यसन नाही, आणि ही लीळा व्यसनाचा दाखला म्हणून मुळीच वाचावयाची नाही. परमेश्वराचा व्यापार जीवाच्या उद्धारार्थ असतो, व जीव ज्या खोड्यात अडकतो त्या खोड्याचे स्वरूप त्यास दिसावे एवढ्यासाठी ती क्रीडा आहे, हा आपल्या आचार्यांचा अर्थ सर्वमान्य आहे. त्या अर्थास धक्का न लावता आम्हांस येथे निराळाच विचार करावयाचा आहे. या लीळेत एक हरलेला पुरुष, एक पत्नी व एक पिता अशा तीन भूमिका आहेत. आज हिंगोली जिल्ह्यातील कोणत्याही व्यसनग्रस्त घराचा उंबरा ओलांडला तर याच तीन भूमिका आपल्या पुढे उभ्या राहतात. राजवाड्याच्या जागी पत्र्याचे घर असते आणि फाशांच्या जागी देशी दारूची बाटली, गांजाची चिलीम अथवा औषधाच्या दुकानातून आणलेली गोळी असते, एवढाच फरक. त्या घरात जाऊन काय करावे, हा प्रश्न आपल्या उपदेशी मंडळींपुढे वारंवार येतो, आणि केवळ विधिनिषेध सांगून तो सुटत नाही.

‘व्यसन’ या शब्दाचाच विचार प्रथम करू. ‘अस्’ म्हणजे फेकणे, ‘वि’ म्हणजे दूर. जे मनुष्यास त्याच्या स्थानापासून दूर फेकते ते व्यसन. संस्कृतात या शब्दाचा मूळ अर्थ विपत्ती असा आहे. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात एक संपूर्ण अधिकरण व्यसनांवर आहे, आणि तेथे राजाच्या द्यूत-मद्याबरोबर पूर, आग, रोग, दुष्काळ यांचीही गणना व्यसनांतच केलेली आढळते. म्हणजे ज्यांनी हा शब्द घडविला त्यांच्या दृष्टीने व्यसन हे अंगावर कोसळणारे संकटही होते. द्यूत, मांस, मद्य, वेश्या, मृगया, चोरी व परदारा ही सप्तव्यसने आपणांस पाठ असतात. उपदेश घेताना मद्यमांसाचा त्याग सांगितला जातो व बहुसंख्य मंडळी तो निष्ठेने पाळतात. परंतु या सूचीचे पाठांतर करता करता आपण त्या शब्दातील विपत्तीचा अर्थ विसरलो आणि केवळ दोषाचा अर्थ धरून बसलो.

आधुनिक वैद्यकाने तो विसरलेला अर्थ दुसऱ्या वाटेने परत आणला आहे. आपल्या मेंदूत सुखाची खूण करणारी एक यंत्रणा आहे. तहानेल्यास पाणी, भुकेल्यास भाकरी, मातेस अपत्याचा स्पर्श लाभला की तेथे डोपामिन नावाचे द्रव्य पाझरते व ‘हे पुन्हा कर’ अशी आज्ञा मनात उमटते. मद्य, अफूपासून झालेली द्रव्ये, गांजा, तंबाखूतील निकोटिन ही सर्व या यंत्रणेस तिच्या स्वाभाविक मर्यादेपलीकडे ताणतात. वारंवार ताणलेली यंत्रणा बोथट होते. मग तेवढ्याच मात्रेने पूर्वीचे सुख होत नाही, मात्रा वाढवावी लागते, आणि अखेरीस सुखासाठी नव्हे तर न घेतल्याने होणारा त्रास टाळण्यासाठीच मनुष्य ते द्रव्य घेऊ लागतो. याच वेळी संयमाचा निर्णय करणारा मेंदूचा पुढचा भागही दुबळा झालेला असतो. ‘याला समजत नाही काय?’ असे आपण विचारतो. त्याला समजते, परंतु समजणे व करणे यांमधला सांधाच निखळलेला असतो. लक्षात घेण्यासारखी गोष्ट अशी की, जागतिक आरोग्य संघटनेच्या 2022 पासून अमलात आलेल्या रोगवर्गीकरणात द्यूताच्या व्यसनास मद्य व मादक द्रव्यांच्या व्यसनांशेजारीच स्थान दिलेले आहे. बाहेरून शरीरात काहीही न जाता केवळ खेळाने तोच विकार होतो, हे वैद्यकास अलीकडे पटले. सप्तव्यसनांच्या सूचीत द्यूत व मद्य शेजारी बसविणाऱ्या आपल्या पूर्वजांनी मेंदू उघडून पाहिलेला नव्हता. त्यांनी माणसे पाहिली होती.

आता आपल्या जिल्ह्याकडे वळू. 1 मे 1999 रोजी परभणीपासून वेगळा झालेला हा हिंगोली, कळमनुरी, सेनगाव, औंढा नागनाथ व वसमत अशा पाच तालुक्यांचा लहान जिल्हा. ज्योतिर्लिंगाचे औंढा येथे, नामदेवांचे नरसी येथे. तरीही मद्याचा इतिहास येथे जुना आहे. निजामी राज्यात अबकारी हे सरकारी उत्पन्नाचे एक मोठे साधन होते, आणि शिंदी व दारू यांचे गुत्ते घेणारा ‘गुत्तेदार’ हा शब्द आमच्या बोलीत अद्याप जिवंत आहे. आता तो रस्त्याच्या ठेकेदारालाही लावतात, ही गोष्ट निराळी. मुंबई राज्यात 1950 साली संपूर्ण दारूबंदी झाली तेव्हा मराठवाडा त्या राज्यात नव्हता. तो 1956 साली जोडला गेला. पुढे बंदीही सैल झाली. आज देशी दारूचे परवानाधारक दुकान, त्याच्या आडोशाने हातभट्टी आणि गावोगाव चोरून पोहोचविल्या जाणाऱ्या बाटल्या असा तिहेरी पुरवठा आहे. हळद शिजवून, वाळवून, वसमतच्या बाजारात विकली की घरात एकरकमी पैसा येतो. ऊसतोडीस जाणाऱ्याच्या हाती मुकादमाची उचल येते. पैसा येण्याचा दिवस व पिण्याचा दिवस एकच असावा, हा नियम कोणी केलेला नसताना पाळला जातो.

व्यसनाची व्याप्ती किती हे पाहण्यास केंद्र सरकारने करविलेल्या व 2019 साली प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रीय पाहणीचा आधार घेता येतो. त्या पाहणीनुसार दहा ते पंचाहत्तर वर्षे वयाच्या भारतीयांपैकी सुमारे 14.6 टक्के, म्हणजे सोळा कोटींच्या आसपास लोक मद्य घेतात, आणि त्यांतील सुमारे 5 कोटी 70 लाख लोकांस त्यापायी उपचाराची अथवा मदतीची गरज आहे. गांजा-भांगेचा वापर करणारे सुमारे तीन कोटी व अफूजन्य द्रव्ये घेणारे सव्वादोन कोटींच्या घरात. वृत्तपत्रांत मोठ्या अक्षरांत छापले जाणारे पांढरे चूर्ण हे संकटाचे टोक आहे. त्याचे बूड मद्यातच आहे, हे या आकड्यांवरून दिसते.

मद्यामुळे यकृत सुजते, मग कठीण होते, पोटात पाणी साचते. अन्ननलिकेतील शिरा फुटून रक्ताची उलटी होते. हे सर्वांस ठाऊक आहे. हातभट्टीत कधी मिथिल अल्कोहोल मिसळले गेले तर काय होते हे मुंबईच्या मालवणीत 2015 च्या जून महिन्यात दिसले. शंभराहून अधिक माणसे दगावली. ते द्रव्य शरीरात फॉर्मिक आम्ल बनते व प्रथम दृष्टीवर घाव घालते. परंतु आम्हांस येथे थांबून सांगावयाचे आहे ते यापेक्षा कमी ठाऊक असलेले आहे, आणि आपल्या मंडळींशी त्याचा थेट संबंध आहे.

रोज पहाटेपासून पिणारा एखादा गृहस्थ सत्संगाने अथवा पत्नीच्या अश्रूंनी विरघळतो, उपदेश घेण्याचा निश्चय करतो, आणि त्याच क्षणी बाटली फोडून टाकतो. सारे घर आनंदित होते. दुसऱ्या दिवशी त्याचे हात थरथरू लागतात, घाम सुटतो, झोप लागत नाही. शेवटचा घोट घेतल्यापासून सहा ते अठ्ठेचाळीस तासांच्या आत अपस्मारासारखा झटका येऊ शकतो. दोन ते चार दिवसांच्या दरम्यान काही जणांत याहून भयंकर अवस्था येते: मनुष्य भ्रमिष्ट होतो, भिंतीवर किडे-साप दिसतात, मृत नातलगांचे आवाज ऐकू येतात, घरच्यांस ओळखत नाही, अंग तापते, नाडी धावू लागते. हा मद्यनिवृत्तीचा उन्माद होय. उपचार न मिळाल्यास यात मृत्यू येतो. अनेक वर्षे मद्याच्या दडपणाखाली राहिलेल्या मेंदूने उलट दाब निर्माण केलेला असतो. मद्य एकाएकी काढून घेतले की तो दाब मोकाट सुटतो, एवढेच त्याचे कारण. मग घरचे लोक काय समजतात? ‘बाधा झाली.’ आणि गाडी रुग्णालयाऐवजी देवस्थानाकडे वळते. आपल्या पंथाची काही स्थाने बाधानिवारणासाठी प्रसिद्ध आहेत, व तेथील श्रद्धेविषयी आम्हांस काही म्हणावयाचे नाही. परंतु तेथे आणलेल्या अशा रुग्णाविषयी महंतांनी व पुजाऱ्यांनी पहिला प्रश्न ‘हा पीत होता काय, आणि शेवटचे केव्हा प्याला?’ असा विचारलाच पाहिजे. उत्तर ‘परवापर्यंत पीत होता’ असे आले, तर त्यास तेथे ठेवून घेणे हे त्याच्या जिवाशी खेळणे आहे. प्रथम जिल्हा रुग्णालय. दर्शन मागाहून होईल. स्थान कोठे पळून जात नाही.

रुग्णालयात त्याला काय देतात? मेंदूतील तो मोकाट दाब शांत करणारी डायझेपामच्या वर्गातील औषधे मोजून, रोज थोडी कमी करीत देतात. सुमारे आठवडाभरात ती बंद होतात. जोडीला ब-1 जीवनसत्त्व, अर्थात थायमिन, भरपूर दिले जाते. जुन्या मद्यप्याच्या शरीरात हे जीवनसत्त्व जवळजवळ संपलेले असते, आणि ते न देता प्रथम ग्लुकोजची बाटली लावली तर मेंदूस कायमची इजा होऊन स्मृती जाण्याचा धोका असतो. ‘अशक्तपणा आहे, एक सलाईन लावा’ असा आग्रह खेड्यातील दवाखान्यात धरला जातो, म्हणून हे मुद्दाम लिहिले. रुग्ण रोज पिणारा आहे ही गोष्ट लाजेने लपविली, तर डॉक्टरही चुकीच्या वाटेने जाईल.

झोपेच्या व चिंतेच्या गोळ्यांचेही तसेच आहे. मराठवाड्यातील तरुणांत ‘बटन’ या नावाने फिरणाऱ्या गोळ्या मुळात रुग्णांसाठीच्या औषधी गोळ्या आहेत. त्या एकदम बंद केल्यासही झटके येतात. मद्याबरोबर घेतल्या तर श्वास मंदावून माणूस झोपेतच जातो. खोकल्याच्या औषधातील कोडीन हे अफूचेच अपत्य. अफूजन्य द्रव्ये सोडताना होणाऱ्या यातना, म्हणजे अंगदुखी, जुलाब, तळमळ या भयंकर असल्या तरी सहसा प्राणघातक नसतात. तेथे धोका निराळ्या वळणावर असतो: काही आठवडे सोडल्यावर शरीराची सहनशक्ती उतरते, आणि मोहाने पुन्हा जुनीच मात्रा घेतली तर श्वास बंद पडतो. गांजाविषयी ‘साधूंचे द्रव्य’ म्हणून एक सौम्य भाव आपल्याकडे आहे. गावोगावच्या पारावर चिलीम फिरते व तिला कोणी व्यसन म्हणत नाही. कोवळ्या वयात सुरू केलेला, वारंवार घेतलेला गांजा काही तरुणांत संशय, भास व वेड उत्पन्न करतो, ही गोष्ट मानसोपचारतज्ज्ञांच्या अनुभवाची व संशोधनाचीही आहे. तुरीच्या, कपाशीच्या आड लावलेली गांजाची झाडे सापडल्याच्या बातम्या आमच्या भागातून अधूनमधून येतात. त्या शेतकऱ्यास 1985 च्या अमली पदार्थविरोधी कायद्यान्वये दहा वर्षांपर्यंत सक्तमजुरी होऊ शकते, हे त्यास बियाणे देणारा सांगत नाही.

आणि ‘एमडी’, अर्थात मेफेड्रोन. हे रसायनशाळेत तयार होणारे द्रव्य 2015 पासून त्या कायद्याखाली आले. 2024 च्या फेब्रुवारीत पुणे जिल्ह्यातील कुरकुंभ येथे त्याचा फार मोठा साठा पकडला गेला. 2025 साली प्रत्यक्ष तुळजापुरात त्याच्या विक्रीचे प्रकरण उघडकीस आले. क्षेत्राच्या गावी पोहोचलेले विष जिल्ह्याच्या सीमेवर थांबून परवानगी विचारील, असे मानण्याचे कारण नाही. दिवसेंदिवस झोप न येणे, विनाकारण संशय, छातीत धडधड, झपाट्याने उतरणारे वजन ही त्याची लक्षणे शिक्षकांनी व पालकांनी ओळखावीत.

शरीरातून विष उतरविणे हा चिकित्सेचा पहिला आठवडा झाला. खरी चिकित्सा त्यानंतर सुरू होते, आणि महाराष्ट्रात ती कशी उभी राहिली हे पाहण्यास पुण्याकडे जावे लागते. 1980 नंतरच्या काळात ब्राऊन शुगर, म्हणजे ‘गर्द’, मुंबई-पुण्याच्या तरुणांत शिरली. डॉ. अनिल अवचट यांनी त्या तरुणांमध्ये हिंडून लेखमाला लिहिली. ती ‘गर्द’ या नावाने पुस्तकरूप झाली. ती वाचून पु. ल. देशपांडे व सुनीताबाई यांनी एक लाख रुपये देऊ केले. अवचटांच्या पत्नी डॉ. अनिता येरवड्याच्या मनोरुग्णालयात मानसोपचारतज्ज्ञ होत्या. त्यांच्या पुढाकाराने त्याच रुग्णालयाच्या आवारात 29 ऑगस्ट 1986 रोजी ‘मुक्तांगण’ सुरू झाले. 1997 साली अनिताबाई कर्करोगाने गेल्या, 2022 च्या जानेवारीत अनिल अवचटही गेले. त्यांच्या कन्या मुक्ता पुणतांबेकर यांनी ते कार्य पुढे चालविले. निवासी उपचार सुमारे पाच आठवड्यांचा: नियमित दिनक्रम, प्रार्थना, व्यायाम, स्वतःचे काम स्वतः करणे, गटात बसून आपली कहाणी न लपविता सांगणे. पूर्वी व्यसनी असलेले व आता मुक्त झालेले लोकच तेथे नव्या रुग्णांचे मार्गदर्शक होतात. पत्नींसाठी ‘सहचरी’ नावाचा गट, व्यसनी स्त्रियांसाठी ‘निशिगंध’ हा स्वतंत्र विभाग. कारण स्त्रीचे व्यसन घर दुप्पट लपविते.

या दिनक्रमाचे वर्णन वाचून आपल्या आश्रमव्यवस्थेशी परिचित असलेल्या वाचकास हसू येईल. पहाटे उठणे, नेमून दिलेले काम, एकत्र भोजन, दोषाचा उच्चार, ज्येष्ठाने कनिष्ठास सावरणे हे आमचेच आहे असे तो म्हणेल. आहे, परंतु त्यापासून घाईने निष्कर्ष काढू नये. आश्रमात आलेला जीव विरक्तीने आलेला असतो. मुक्तांगणात आलेला बहुधा घरच्यांनी आणलेला असतो आणि त्याला परत त्याच संसारात, त्याच मित्रांत, त्याच गुत्त्याच्या रस्त्यावर जाऊन राहावयाचे असते. म्हणून तेथे प्रत्येकास आपले धोक्याचे प्रसंग ओळखावयास शिकवितात: भूक, राग, एकटेपण, थकवा, पगाराचा दिवस, लग्नाची वरात. 1935 साली अमेरिकेत एका दिवाळे निघालेल्या दलालाने व एका शल्यविशारदाने, दोघेही मद्यपी, एकमेकांस सावरत ‘अल्कोहोलिक्स अनॉनिमस’ ही चळवळ सुरू केली; तिच्या सभा आज महाराष्ट्रातील अनेक गावी भरतात. ‘जन्मभर पिणार नाही’ अशी शपथ तेथे घेत नाहीत. ‘आजचा दिवस पिणार नाही’ एवढेच म्हणतात, आणि उद्या पुन्हा तेच. आमच्या नित्यस्मरणाच्या विधीतही आजचे स्मरण उद्यासाठी उरत नाही. ते रोज नव्याने करावे लागते.

औषधांचाही आधार असतो. अफूजन्य व्यसनात बुप्रेनॉर्फिनसारखे औषध दीर्घकाळ देखरेखीखाली देतात. ‘एक नशा सोडवून दुसरी लावली’ हा आक्षेप अज्ञानाचा आहे, कारण त्या औषधावर माणूस कामास जातो, सुई टोचून घेत नाही व मरत नाही. मद्यासाठी डायसल्फिराम नावाची गोळी आहे. ती घेतलेल्या अवस्थेत मद्य प्याल्यास उलट्या, घाबरे होणे, रक्तदाब उतरणे असे होते. रुग्णास न सांगता भाजीत, चहात ती मिसळण्याचा प्रकार सर्रास चालतो, आणि ‘दारू सोडविण्याचे औषध’ म्हणून निनावी पुड्याही विकल्या जातात. हे अत्यंत घातक आहे. त्या मनुष्यास कल्पना नसते, तो नेहमीप्रमाणे पितो, आणि त्यात त्याचा प्राणही जाऊ शकतो. ज्यास औषध द्यावयाचे त्याच्या संमतीने व वैद्याच्या चिठ्ठीनेच द्यावे.

आता पुन्हा लीळेकडे येऊ. कमळाइसांनी अलंकार दिले नाहीत, यावर प्रवचनांतून त्यांस बोल लावला जातो; पतीपेक्षा सोने प्रिय झाले, संसाराचे प्रेम हे असेच स्वार्थी, असा अर्थ सांगून श्रोत्यांस वैराग्याकडे वळविले जाते. वैराग्याच्या निरूपणात तो अर्थ योग्य आहे. परंतु तोच अर्थ उचलून हिंगोलीतल्या एखाद्या मजुराच्या पत्नीपुढे ठेवला तर काय होईल? तिचा पती तिच्या गळ्यातील काळ्या मण्यांतल्या दोन सोन्याच्या वाट्या मागतो आहे, आणि आपण तिला सांगणार की न देणारी स्त्री स्वार्थी! व्यसनाच्या चिकित्सकांचे मत याच्या नेमके उलट आहे. पैसा देणे, कर्ज फेडणे, मुकादमाकडे जाऊन ‘आजारी आहेत’ असे खोटे सांगणे, ओकारी पुसून सकाळी काही घडलेच नाही असे वागणे या सर्वांस ते व्यसनास घातलेले पांघरूण म्हणतात. पांघरूण प्रेमानेच घातलेले असते. त्याच्या उबेत व्यसन वाढते. या दृष्टीने पाहता कमळाइसांचा नकार हा त्या घरातील पहिला आरोग्याचा उच्चार ठरतो. आणि पिता? विशाळदेवांनी ऋण फेडले, पुत्रावरील मायेने फेडले. त्या कथेत पुढे उदासीनता आली, कारण तो पुत्र सामान्य जीव नव्हता. सामान्य घरात पित्याने ऋण फेडल्यावर दुसऱ्या दिवशी पुन्हा डाव मांडला जातो. विकलेल्या एकरांचे हिशेब ज्यांनी पाहिले आहेत त्यांस हे समजावून सांगावे लागत नाही.

नकार म्हणजे टाकून देणे नव्हे, ही मर्यादाही सांभाळली पाहिजे. पैसा नाकारावा, उपचार नाकारू नये. शुद्धीवर असताना बोलावे, नशेत वाद घालू नये. मारहाण होत असेल तर त्या स्त्रीने मुलांसह प्रथम सुरक्षित व्हावे. गावातील दुकानाविषयीही स्त्रियांच्या हाती नकाराचे एक साधन आहे: महाराष्ट्रात गावातील एकूण महिला मतदारांपैकी निम्म्याहून अधिक जणींनी गुप्त मतदानात आडव्या बाटलीस कौल दिला तर परवान्याचे दुकान बंद होते. ज्या स्त्रिया मतदानास येत नाहीत त्यांची गैरहजेरी दुकानदाराच्या पदरात पडते, म्हणून हे काम वाटते तितके सोपे नाही.

राहिला सर्वांत अवघड प्रश्न. उपदेश घेतलेला, वर्षभर निर्व्यसनी राहिलेला मनुष्य पुन्हा प्याला तर? प्रतिज्ञाभंग हा दोष आहे. त्यास अनुताप व प्रायश्चित्त सांगितलेले आहे, आणि त्यात तडजोड करण्याचा अधिकार आम्हांस नाही. परंतु प्रायश्चित्त हे दोषाचे आहे. घसरण हे रोगाचे लक्षणही आहे. मधुमेह्याची साखर वाढली तर आपण त्याला मंदिरात येऊ नको म्हणत नाही. व्यसनमुक्तीच्या वाटेवर अनेक जण एकदा, दोनदा, चारदा घसरतात व मग स्थिर होतात, असा सर्व उपचारकेंद्रांचा अनुभव आहे. आमच्याकडे मात्र घडते ते असे: घसरलेला मनुष्य लाजेने आरतीस येईनासा होतो, मंडळी ‘याने उपदेश बुडविला’ म्हणून बोलणे टाकतात, आणि ज्या एका जागी त्यास न पिणारे मित्र मिळत होते ती जागाच बंद होते. उरतो गुत्ता; तेथे त्याचे स्वागत होते. दोन्ही गोष्टी एकाच वेळी केल्या पाहिजेत असे आमचे मत आहे: अधिकारी पुरुषांनी प्रायश्चित्त द्यावे आणि दुसऱ्याच दिवशी कोणा ज्येष्ठ वासनिकाने त्यास हाताशी धरून डॉक्टरकडे न्यावे. एकाने दुसऱ्याची जागा घेऊ नये.

नेताना कोठे नेतो हे पाहावे. व्यसनमुक्तीच्या नावाखाली मारहाण करणारी, कोंडून ठेवणारी ठिकाणेही निघाली आहेत. 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्याने मद्य व मादक द्रव्यांपासून झालेले विकार मानसिक आजारांत धरले आहेत, अशा केंद्रास नोंदणी सक्तीची केली आहे आणि रुग्णास साखळीने बांधणे कोणत्याही स्वरूपात मना केले आहे. नोंदणीचे प्रमाणपत्र मागण्यात संकोच नको. अमली द्रव्याच्या सापळ्यात सापडलेल्या मुलाचे पालक पोलिसांच्या भीतीने उपचार टाळतात. त्यांनी हे जाणून घ्यावे की, अल्प मात्रा बाळगल्याचा आरोप असलेला व्यसनी स्वेच्छेने मान्यताप्राप्त केंद्रात उपचार घेण्यास तयार असेल तर कायद्याच्या कलम 64-अ अन्वये त्यास खटल्यापासून संरक्षण मिळू शकते. मात्र उपचार अर्धवट सोडला तर ते काढून घेतले जाते. विकणाऱ्यास ही सवलत नाही.

आमच्या जिल्ह्यातून पुणे दूर आहे. परंतु प्रत्येक वेळी पुण्यासच जावे लागते असे नाही. जिल्हा रुग्णालय हिंगोलीस आहे, 2024 सालापासून येथे शासकीय वैद्यकीय महाविद्यालयही सुरू झाले आहे. नांदेडच्या शंकरराव चव्हाण शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात मानसोपचार विभाग आहे. घरबसल्या विचारपूस करावयाची असेल तर व्यसनमुक्तीसाठी 14446 व मानसिक आरोग्यासाठी 14416 हे केंद्र सरकारचे विनामूल्य दूरध्वनी क्रमांक आहेत. हे दोन क्रमांक प्रत्येक मंदिराच्या फलकावर, पारायणाच्या वेळापत्रकाशेजारी लिहून ठेवावेत, आणि उपदेशासाठी नाव नोंदविणाऱ्याच्या अर्जावर ‘मद्य अथवा अन्य नशा रोज घेता काय? शेवटची केव्हा घेतली?’ अशी एक ओळ वाढवावी, अशी आमची संबंधित महंतांस व मंदिर समित्यांस विनंती आहे. ज्याचे उत्तर ‘काल’ असे येईल त्यास उपदेशापूर्वी आठवडाभर रुग्णालयात राहू द्यावे; त्याच्या सोबतीस रात्री कोण बसणार, हे मंडळींनी आपसांत आधीच ठरवून ठेवावे.